दाराशी गेलेली वर्षे : ख्रिस्ती तारणविचारातील विलंब आणि मराठी आत्मकथने

ख्रिस्ती धर्मविचाराच्या इतिहासात ‘तारण कोणाचे होते?’ ह्या प्रश्नाइतकाच दुसरा एक प्रश्न चिवटपणे टिकून राहिला आहे : तारण हाताशी आले असता ज्याने ते घेतले नाही, त्याचे काय होते? पहिल्या प्रश्नाची चर्चा सिद्धान्तग्रंथांनी केली. दुसरा प्रश्न मात्र दृष्टान्तकथांतून, प्रवचनांतून, पत्रांतून आणि आत्मचरित्रांतूनच अधिक बोलला गेला. म्हणून तो केवळ धर्मपंडितांचा प्रश्न नाही, साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे, असे आम्ही मानतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा एक महत्त्वाचा प्रवाह ह्याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो प्रवाह वाचताना ह्या प्रश्नाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर पुष्कळ काही निसटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ हा शब्द रुळला. तो ‘तारणे’ ह्या क्रियापदाचा, नदीपार नेण्याचा. पण व्यवहारातल्या मराठीत तारण म्हणजे सावकाराकडे ठेवलेली वस्तूही. ह्याच परिभाषेतले ‘खंडणी’ आणि ‘सोडवणूक’ हे शब्द तर सरळ देण्याघेण्यातून आलेले. गहाण पडलेली वस्तू कोणी तरी किंमत भरून सोडवतो, ही त्यामागची कल्पना. गहाणाला मुदत असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. किंमत भरली गेली आहे, पण सोडवून घ्यायला मालक गेलाच नाही तर? ह्या लेखाचा विषय तेथून सुरू होतो.

१

नव्या करारात ह्या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. दहा कुमारींच्या दृष्टान्तात दिव्यात तेल न ठेवलेल्या पाच जणी उशिरा पोहोचतात आणि दार बंद झालेले असते. श्रीमंत तरुण येशूशी बोलून खिन्न होऊन परत जातो, आणि मार्काच्या शुभवर्तमानात पुन्हा दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला रोमन सुभेदार फेलिक्स पौलाचे बोलणे ऐकून घाबरतो आणि सवड झाली की पुन्हा बोलावीन म्हणतो. उलट द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही सकाळपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी मिळते, आणि वधस्तंभावर लटकलेल्या गुन्हेगाराला अखेरच्या घटकेला आश्वासन लाभते.

दार बंद होते, आणि शेवटच्या क्षणीही ते उघडे असते. ह्या दोन विधानांचा मेळ शास्त्यांनी अनेक परींनी घातला. पण श्रद्धावंताच्या मनात ती दोन्ही सुटी सुटीच राहिली. पहिल्याने भीती दिली, दुसऱ्याने सवलत. आणि माणसाचा स्वभाव असा की त्याने आधी सवलतीचा हिशेब केला.

चौथ्या शतकात हा हिशेब सर्वत्र दिसतो. बाप्तिस्म्याने पूर्वीची सारी पापे धुऊन जातात, पण त्यानंतर घडलेल्या गंभीर पापासाठी असलेले प्रायश्चित्त कठोर, आणि तेही आयुष्यात एकदाच मिळण्याजोगे, अशी तेव्हाची समजूत होती. मग बाप्तिस्मा जितका उशिरा तितका सोयीचा, हा निष्कर्ष ओघानेच आला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, ३२५ मध्ये निकियाची धर्मसभा भरवली. पण स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, निकोमीडियाजवळ, मरणाच्या अगदी थोडे दिवस आधी. नाझियान्झसचा ग्रेगरी तरुणपणी अथेन्सला शिकायला निघाला असता समुद्रात वादळात सापडला आणि आपण बाप्तिस्म्यावाचून मरणार ह्या विचाराने हादरून गेला; पुढे धर्मगुरू झाल्यावर ह्या टाळाटाळीवर त्याने व्याख्यानांतून कडक टीका केली.

ह्या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑगस्टीनचे. लहानपणी तो एकाएकी फार आजारी पडला, तेव्हा आई मोनिकाने बाप्तिस्म्याची घाईने तयारी केली. मुलाला उतार पडला आणि बेत पुढे ढकलला गेला, कारण जगलाच तर पुढे पापे करणारच, मग आताच धुणे कशाला? ‘कन्फेशन्स’ ह्या आत्मकथनात प्रौढ ऑगस्टीन ह्या निर्णयाकडे मागे वळून पाहतो तेव्हा त्याच्या स्वरात तक्रार आहे. पण त्याच ग्रंथात त्याने विलंबाचे विश्लेषण आणखी खोल नेले. ३८६ साली मिलानमध्ये असताना त्याची बुद्धी पटलेली होती; शंका फिटल्या होत्या; तरी पाऊल उचलत नव्हते. इच्छाच दुभंगलेली होती. हवे आहे आणि नको आहे, हे एकाच मनाचे दोन आवाज. ३८७ च्या ईस्टरला त्याने अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला; पण साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याआधीचे रेंगाळणे. विलंब म्हणजे अज्ञान नव्हे, तो इच्छेचा रोग आहे, ही त्याची अंतर्दृष्टी पुढच्या सर्व ख्रिस्ती आत्मचरित्रांच्या मुळाशी आहे.

पुढे अर्भकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला आणि जुना हिशेब संपला. पण प्रश्न संपला नाही, त्याची जागा बदलली. आता दाराबाहेर रेंगाळणारा कोणी उरला नाही. सारेच जन्मतः आत. मग आत असूनही ज्याने काही स्वीकारलेलेच नाही, त्याचे काय? धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट पंथांनी, विशेषतः अठराव्या शतकापासूनच्या पुनरुज्जीवनवादी प्रवाहांनी, हा प्रश्न धारदार केला. विधी पुरेसा नाही, प्रत्येकाने स्वतः स्वीकार केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हा बदल लक्षात ठेवावा. पंडिता रमाबाईंची कथा त्याशिवाय उलगडत नाही.

२

संधी दवडणाऱ्याचा विचार करताना ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांनाही बाजूला ठेवता येत नाही. ३९२ साली तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधील व्हिएन येथे मरण पावला. बाप्तिस्मा देण्यासाठी त्याने अँब्रोजला बोलावणे पाठवले होते. अँब्रोज पोहोचण्यापूर्वीच सारे संपले. त्याच्या बहिणी शोकाकुल होत्या. अंत्यभाषणात अँब्रोजने त्यांना धीर दिला तो असा, की ज्याने मागितले त्याला ते मिळालेच आहे. इच्छा हाच त्याचा बाप्तिस्मा. एका शोकप्रसंगी बोललेल्या ह्या विचाराचे पुढे ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ ह्या सिद्धान्तात रूपांतर झाले. प्रथम दुःख, मग तत्त्व, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

पण ज्यांनी मागितलेही नाही, ज्यांच्या कानी नावच पडले नाही, त्यांचे काय? हा प्रश्न आपल्या किनाऱ्याशीही जोडलेला आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला, १५४९ मध्ये जपानला गेला. तेथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने जपानी ख्रिस्ती लोकांच्या एका दुःखाची हकिगत दिली आहे. नरकातून सुटका नाही हे ऐकल्यावर त्यांनी विचारले, आमच्या मेलेल्या आईबापांसाठी काहीच करता येणार नाही का? दानाने नाही, प्रार्थनेने नाही? झेवियरचे उत्तर नकारार्थी होते, आणि ते रडले. त्यांचे अश्रू पाहून आपलेही मन हलले हे तो लपवत नाही. पण उत्तर बदलत नाही. आज जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये ज्याचा देह ठेवलेला आहे, त्या माणसाच्या पत्रातील हा परिच्छेद धर्मप्रसाराच्या इतिहासातील अत्यंत अवघड परिच्छेदांपैकी एक आहे. नव्याने आत आलेल्याला आपले तारण मिळते ते पूर्वजांच्या वियोगाच्या किमतीवर.

ह्या उत्तरापाशी चर्च थांबले नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्शियुम’ ह्या घोषणापत्राने, स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही पण जे प्रामाणिक मनाने ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण लाभू शकते असे मांडले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्यावाचून मरणाऱ्या अर्भकांविषयीचे निवेदन प्रसिद्ध केले; त्यात ‘लिंबो’च्या जुन्या कल्पनेपेक्षा आशेला अधिक आधार आहे अशी भूमिका घेतली. झेवियरच्या श्रोत्यांना हे उत्तर साडेचारशे वर्षे उशिरा मिळाले, असे म्हणावे लागेल. संधी मिळण्यात माणसांनाच उशीर होतो असे नाही, धर्मसंस्थांनाही होतो.

गोव्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सोळाव्या शतकात तेथे तारणाचे निमंत्रण एकटे आले नाही. राज्यसत्ता त्याच्या सोबत होती. देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ ह्याच पार्श्वभूमीवर वाचावे लागते. जुनी पुराणे बंद झाली, तर आम्हांला आमच्या भाषेत दुसरे पुराण हवे, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी त्या ग्रंथातच नमूद आहे. स्टीफन्सने आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा ओवीत सांगितली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. तारणाची मागणी आणि हरवलेल्या ग्रंथांची भूक ह्या दोन गोष्टी तेथे एकमेकींत मिसळल्या आहेत. जेथे नाकारण्याची मोकळीक नाही, तेथे स्वीकाराला ‘संधी’ म्हणता येईल का, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवून पुढे जातो.

३

इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात परिस्थिती निराळी होती. मिशन होते, शाळा होत्या, छापखाने होते. पण बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात आणि वारसा ह्यांना मुकणे. सक्तीची दिशा उलट झाली होती. म्हणून विलंबाची कारणेही बदलली.

ह्या काळात मराठीत आलेले एक पुस्तक लक्षात घ्यावे. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजी ह्यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी कादंबरीचा जन्म होण्यापूर्वी दीर्घ कथात्मक गद्याचा जो नमुना मराठी वाचकापुढे आला त्यांतला हा एक. बन्यनच्या कथेत विलंबाची आणि हुकलेल्या संधीची माणसे जागोजाग भेटतात. पिंजऱ्यात बसलेला निराश मनुष्य आपली वेळ टळली असे मानून बसला आहे. आणि कथेच्या अखेरीस अज्ञान नावाचा वाटसरू थेट स्वर्गाच्या वेशीपर्यंत येतो, पण आत घेतला जात नाही. स्वर्गाच्या वेशीपासूनही एक वाट नरकाकडे जाते हे पाहून स्वप्न पाहणारा जागा होतो. इतक्या आनंदाच्या शेवटाला बन्यनने ही नोंद का जोडली? स्वतः बन्यन आपल्याला एसावसारखे हक्क विकून बसल्याच्या भयाने वर्षानुवर्षे पछाडलेला होता, हे त्याच्या १६६६ च्या आत्मकथनावरून कळते. उंबरठ्यापर्यंत येऊन परतणे ही त्याची खरी दहशत होती.

ह्या दहशतीचे मराठी रूप बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८४) ह्या आत्मचरित्रात पाहायला मिळते. पदमनजींचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात, कासार कुटुंबात झाला. घरात देवपूजा, व्रते. शाळा मात्र मिशनची. पुढे मुंबईत फ्री चर्चच्या विद्यालयात शिक्षण. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेतही ते जात. ही सभा जातिभेद मोडू पाहणारी, पण गुप्तपणे. ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन सभासदत्व मिळत असे, आणि सभासदांची नावे मात्र बाहेर पडू द्यायची नाहीत असा नियम. पाव आत खायचा आणि बाहेर जातीत राहायचे : त्या पिढीच्या दुभंगलेल्या इच्छेचे ह्याहून नेमके चित्र सापडणे कठीण. पदमनजींची मनःस्थिती ह्याच जातीची होती. पटलेले होते, पण उघड करायचे नव्हते. आईबापांचे प्रेम, जातभाईंचा धाक आणि स्वतःचा भित्रेपणा ह्यांच्या कात्रीत त्यांची काही वर्षे गेली. अखेर सप्टेंबर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिची चर्चा होते, विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणूनही होते. पण तिच्या कथानकातला एक धागा आमच्या विषयाचा आहे. विनायकराव आणि यमुना ही दोघे मनाने ख्रिस्ताकडे झुकलेली. उघड स्वीकार मात्र पुढे राहिलेला. मध्येच मृत्यू येतो. यमुनेला वैधव्य भोगावे लागते, आणि त्यानंतर ती पुढचे पाऊल टाकते. जो स्वतः नुकताच रेंगाळून आत आला होता, त्याने आपल्या पात्रांना रेंगाळण्याची किंमत मोजायला लावली, असे आम्हांस दिसते. सामाजिक कादंबरी म्हणून वाचताना हा धागा दृष्टिआड होतो, आणि मग कथेतील मृत्यू केवळ योगायोग वाटतो.

४

पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. आकाराने छोटे असलेले हे आत्मकथन दवडलेल्या संधींची जणू यादीच आहे. आणि विशेष हे की यादी करणारीने कोणतीही नोंद गाळलेली नाही.

पहिली नोंद कलकत्त्याची. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ श्रीनिवास ह्यांच्यासह पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण आले. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांना नमस्कार करीत आहेत असे ह्या भावंडांस वाटले. संस्कृत बायबलची प्रतही तेथेच हाती आली. पण वाचून फारसे काही कळले नाही. दुसरी नोंद आसामातल्या सिल्चरची. बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशी विवाह झाल्यावर नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एक बाप्तिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागला. आपण ख्रिस्ती व्हावे असे त्यांच्या मनात आले, तसे त्या बोलल्याही. पतीला ते रुचले नाही आणि मिशनऱ्याचे येणे बंद झाले. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले. तिसरी नोंद पुण्याची. आर्य महिला समाजाची उभारणी चालू असताना ख्रिस्ती शिक्षकांचा सहवास घडला, नेहेम्या गोऱ्हे ह्यांच्याशी धर्मचर्चा झाली.

गोऱ्हे हे नाव येथे केवळ ओघाने आलेले नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ त्यांनी लिहिला. पण बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. स्वतः संशयाने ग्रासलेल्या ह्या पंडिताच्या पत्राने पुढे इंग्लंडमध्ये रमाबाईंचा निर्णय पक्का केला. दुसऱ्याला दार दाखवणारा स्वतः सुखाने आत बसलेला असतोच असे नाही.

चौथी नोंद इंग्लंडची. १८८३ मध्ये रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघाकडे आल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांचा तेथे आत्मघातकी अंत झाला; परक्या देशात हा आघात किती मोठा असेल ह्याची कल्पना करता येते. लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनी चालवीत असलेले काम त्यांनी पाहिले. तेथे शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या कानी पडली. ज्या स्त्रियांना समाज टाकतो त्यांना सन्मानाने पुन्हा उभे करणारा हा धर्म आहे, ही गोष्ट त्यांना भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपायला हवी होती. चौथ्या शतकातील माणसाने ती येथेच संपवली असती. पण रमाबाईंची साक्ष येथून पुढे अधिक गंभीर होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. १८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र आले. हॅस्लम हा दीक्षित धर्मगुरू. पण आपले तारण झालेले नाही ह्याची जाणीव त्याला झाली ती १८५१ मध्ये, कॉर्नवॉलमध्ये स्वतःच व्यासपीठावरून प्रवचन करीत असताना. स्वतःच्या प्रवचनाने स्वतः बदललेल्या ह्या पाद्र्याची कथा वाचून रमाबाईंना आपली स्थिती उमगली. विधी झाला होता, अभ्यास झाला होता, त्यागही झाला होता. विश्वासाने घ्यायचे ते घेणे राहिले होते.

ह्या आठ वर्षांचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथिया बील ह्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. तो १९७७ मध्ये अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आला. त्रैक्याचा सिद्धान्त, धर्मसंस्थेचा अधिकार, इंग्रज बिशपांची हुकमत ह्यांवर रमाबाई तेथे निर्भयपणे वाद घालतात. एका गुरुसत्तेतून सुटून दुसरीपुढे मान तुकवायची नाही, हा त्यांचा बाणा. काही अभ्यासकांना ह्या वादांतली बंडखोर रमाबाई आवडते आणि १८९१ नंतरची शरण गेलेली रमाबाई परकी वाटते. आम्हांस ही विभागणी मान्य नाही. धर्मसंस्थेला दिलेला नकार आणि ख्रिस्ताला दिलेला होकार ही त्यांच्या दृष्टीने एकाच स्वातंत्र्याची दोन अंगे होती; दुसऱ्या कोणाच्या मध्यस्थीने मिळालेले तारण त्यांना आपले वाटत नव्हते, म्हणूनच आठ वर्षे लागली.

त्यांच्या साक्षीतला आणखी एक मुद्दा ‘दवडलेली संधी’ ह्या कल्पनेलाच छेद देतो. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना आपल्याला एका गोष्टीवर सर्व ग्रंथांचे एकमत दिसले, असे त्या लिहितात : पुरुषाला जसा मोक्ष आहे तसा स्त्रीला व शूद्राला नाही. म्हणजे ज्या परंपरेत त्या वाढल्या तेथे दवडायलाही संधी नव्हती. ह्यावर आक्षेप घेता येईल. जनाबाई आणि बहिणाबाई ज्या परंपरेत झाल्या तेथे स्त्रीला देवाचे दार बंद नव्हते, आणि वारकरी पंथाचे हे अंग रमाबाईंच्या शास्त्रीय, पुराणप्रधान संस्कारांत आलेले नाही. नरदेह दुर्लभ आहे, आजच जागा हो, ही निकड संतांनीही सांगितलीच होती. पण फरकही खरा आहे. पुनर्जन्म मानणाऱ्या मनाला हुकलेल्या वेळेचे दुःख असते, अंत नसतो. एकच जन्म मानणाऱ्या धर्मात ‘आज’ ह्या शब्दाचे वजन एकदम वाढते. हा बदल रमाबाईंनी बुद्धीने १८८३ मध्ये आणि जिवाने १८९१ मध्ये केला.

त्याची किंमत त्यांनी लगेच मोजली. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यास आले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असे वचन होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार होते. रमाबाई आता आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, मुली येऊन बसू लागल्या, आणि ‘केसरी’तून टीका सुरू झाली. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सुधारकांच्या दृष्टीने ही एका मोठ्या शक्यतेची हानी होती, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र मिळालेले लपवून ठेवणे हीच हानी ठरली असती. परमहंस सभेने चाळीस वर्षांपूर्वी जी गुप्तता पत्करली होती ती त्यांनी नाकारली. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया राहिल्या. उत्तर आयुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यात साध्या मराठीचा आणि वेदान्ती अर्थच्छटा असलेले शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह होता. तारणाची भाषा चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कळली नाही तर तिची संधी भाषेनेच हिरावली, हे त्या आग्रहामागचे कारण होते असे आम्ही समजतो. भाषांतर संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

५

लक्ष्मीबाई टिळकांची कथा ह्या मालिकेत शेवटी ठेवली, कारण तीत विलंबाला निराळा मान मिळतो. नारायण वामन टिळक ह्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी ही बातमी वज्राघातासारखी होती. पती जिवंत असून त्याच्यापासून तोडल्या गेलेल्या ह्या स्त्रीने नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, पण आपला धर्म आणि सोवळे राखून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी विचारला, स्वतःच सोडवला, आणि प्रथम सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर, टिळकांच्या सुमारे पाच वर्षे मागाहून. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) मध्ये त्यांनी हे सांगितले ते विनोदाने, कोठेही अपराधीपणाचा सूर न लावता.

पदमनजी आपल्या विलंबाला भित्रेपणा म्हणतात, रमाबाई त्याला अपुरेपणा म्हणतात. लक्ष्मीबाई त्याला काहीच नाव देत नाहीत. पाच वर्षे त्यांना लागली, कारण तेवढी लागणारच होती. नवऱ्याच्या पाठोपाठ गेल्या असत्या तर तो पतिव्रताधर्म झाला असता, स्वीकार नव्हे. ह्या पाच वर्षांना ‘दवडलेली’ म्हणणे आम्हांस जमत नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, आणि त्याचा फार मोठा भाग नंतर लक्ष्मीबाईंनीच रचला. मागाहून आलेलीने आधी आलेल्याचे काम पुढे नेले. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्ताला मराठी साहित्यात ह्याहून चांगली पुष्टी आम्हांस ठाऊक नाही.

ह्या साऱ्या आत्मकथनांविषयी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ती सर्व दाराच्या आतल्या बाजूने लिहिलेली आहेत. ऑगस्टीनला आपले रेंगाळणे कृपेच्या योजनेचा भाग वाटते, कारण तो पोहोचला. रमाबाईंना कलकत्त्याची संस्कृत पोथी आणि सिल्चरचे बंगाली शुभवर्तमान एकाच वाटेवरचे टप्पे दिसतात, कारण वाट पुढे सुरू राहिली. जे टप्प्यावरच थांबले त्यांच्या आयुष्यात त्याच गोष्टी निव्वळ घटना होऊन राहिल्या. परमहंस सभेत पाव खाऊन घरी गेलेल्या तरुणांनी साक्षी लिहिल्या नाहीत. बिपिनबाबूंची बाजू आपल्याला पत्नीच्या पुस्तकातूनच कळते. वाँटेजला अंत पावलेल्या आनंदीबाईंनी काही सांगितलेच नाही. झेवियरपुढे रडलेल्या माणसांची नावेही आपल्याजवळ नाहीत.

म्हणून ‘संधी दवडली’ हे वाक्य दुसऱ्या कोणाविषयी उच्चारताना इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. ऑगस्टीनने, पदमनजींनी, रमाबाईंनी ते स्वतःविषयी उच्चारले, आणि तेथे त्याला अर्थ आहे. तो पश्चात्तापाचा उद्गार आहे. दुसऱ्याविषयी उच्चारले की ते निकालपत्र होते, आणि निकाल देण्याइतके पुरावे आपल्यापाशी कधीच नसतात. व्हॅलेंटिनियनच्या बहिणींपुढे उभ्या राहिलेल्या अँब्रोजला हे कळले होते. वर्गात ‘अरुणोदय’ किंवा ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना धर्मांतर योग्य की अयोग्य ह्या वादात आपला पुष्कळ वेळ जातो. त्याऐवजी ही माणसे दाराशी किती काळ थांबली, का थांबली, आणि त्या थांबण्याविषयी पुढे कोणत्या शब्दांत बोलली, हे विद्यार्थ्यांना पाहायला लावले तर ती पुस्तके निराळी वाचली जातील, आणि न लिहिलेल्या पुस्तकांची जाणीवही त्यांना राहील.